फोड काढली म्हणून रस्सा शाकाहारी होत नाही

ताई, तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. घरात रविवारचं मटण ठरलेलं, होणारी सून जैन घरातली, साखरपुडा तुमच्याच दारात, आणि नणंदेनं मोबाईलवर यादी पाठवलीय की साखर, चीज, अजिनोमोटो, चॉकलेट, चांदीचा वर्ख, औषधाच्या कॅप्सूल हे सगळं नॉनव्हेजच असतंय, मग आता व्याह्यांना वाढायचं तरी काय. बरोबर ना?

मी कोल्हापुरात २६ वर्षं शाकाहारी केटरिंग करतोय, लग्न, वास्तुशांत, डोहाळजेवण, बारसं, जे येईल ते. मी स्वतः मटण खातो, लपवत नाही, पण वडिलांनी पंढरपूरची माळ घातली तेव्हापासून आमच्या गोडाऊनमधल्या एकाही पातेल्यात मटण शिजलेलं नाही, माझं जे काय असतंय ते बाहेर. त्यामुळं मला दोन्हीकडची डोकी कशी चालतात ते कळतं, आणि गोंधळ नेमका कुठं होतो तेही.

तर यादीतलं निम्मं खरं, निम्मं अर्धवट ऐकलेलं, आणि ज्याची खरी भीती बाळगायची ते त्यात नाहीच. पाकिटातल्या मालाची सगळे काळजी करतात. पण पाकिटावर निदान काहीतरी छापलेलं असतं, पातेल्यावर काय छापलेलं नसतं. शाकाहारी माणूस आपल्याकडं फसतो तो पातेल्यात.

आता हे बघा, आपल्या कोल्हापुरातला सगळ्यात जुना आणि सगळ्यात प्रेमानं केलेला गुन्हा कुठला माहितीय का? पाहुणा म्हणतो मी खात नाही, आणि घरातली मावशी म्हणते, "अहो मग मटण नका घेऊ, नुसता रस्सा घ्या की, फोडी काढून देते." तिच्या मनात काडीचं पाप नसतं. तिच्या हिशोबानं मटण म्हणजे फोड, आणि रस्सा म्हणजे मसाला, खोबरं आणि पाणी. पण ते पाणी कसलं? मटण हळद-मीठ लावून शिजवलं की जे आळणी पाणी निघतं त्याच्यावरच तर आपला तांबडा आणि पांढरा दोन्ही उभे आहेत. पांढरा रस्सा तर बघायला इतका सोज्वळ असतो, नारळाचं दूध, काजू, खसखस, तीळ, वर तुपाची लवंग-मिरीची फोडणी, की बाहेरगावचा माणूस त्याला कढी समजून दोन वाट्या पितो. माझ्या डोळ्यादेखत प्यालेत लोक. म्हणून मी आमच्या नव्या पोरांना एकच शिकवतो, पदार्थात काय घातलंय ते नंतर विचारा, आधी पाणी कसलं ते विचारा.

हाच प्रश्न गाड्यावर विचारा. चायनीजच्या गाडीवर व्हेज मंचाव सूप मागवलं की त्यात चिकनचा तुकडा नसतो, हे शंभर टक्के खरं, पण मागच्या मोठ्या डेगीत जे पाणी उकळतंय त्यात बऱ्याच ठिकाणी कोंबडीची हाडं असतात आणि सगळ्या सुपांना तेच पाणी जातं, नाहीतर मग स्टॉकची पावडर. कढई एक, पळी एक, अंडा राईस झाला की कढईत पाण्याचा एक फवारा आणि लगेच व्हेज राईस. तळणाचं तेल एकच. हॉटेलात बेस ग्रेव्ही कधीकधी चिकन आणि पनीरला एकच असते, ती मूळची शाकाहारी असली तरी कुठली पळी कुठल्या पातेल्यात जाऊन आली हे फक्त त्या पोऱ्याला माहीत. ग्रामीण भागातल्या जत्रेत वेगळीच तऱ्हा, शाकाहारी लोकांसाठी म्हणून भाताचं पातेलं वेगळं ठेवतात पण वाढपी एकच असतो, डाव्या हातात रश्श्याची बादली आणि उजव्या हातात भाताचा झारा. मुद्दाम कोण करत नाही हो. लक्षात येत नाही एवढंच.

आणि हे काय फक्त आपल्याकडंच नाही. अमेरिकेत मॅकडोनाल्ड्सच्या बटाट्याच्या फ्राईजवरून केवढा राडा झाला होता, तेल वनस्पतीचं वापरतो म्हणून सांगत होते आणि चवीसाठी त्यात बीफचा अर्क होता. २००१ साली खटला झाला, आणि २००२ साली कंपनीनं तडजोडीत एक कोटी डॉलर देण्याचं मान्य केलं. बटाटाच तो. बटाट्यात कोण मटण शोधायला जाणार?

आता माझी स्वतःची फजिती सांगतो. बारा-तेरा वर्षं झाली असतील. जैन घरातलं रिसेप्शन होतं, चारशे पान, पोरीला काहीतरी मॉडर्न हवं होतं म्हणून गोडात मँगो मूसचे छोटे ग्लास ठेवले, मी करत नव्हतो तेव्हा ते, एका केकवाल्याकडून करून घेतले होते. अंडं नको हे दहा वेळा बजावलेलं. एक आजोबा आले, ग्लास हातात घेतला, तिरका केला, सरळ केला, आणि मला म्हणाले, "हे हालत कसं नाही हो? घट्ट कशानं झालंय?" मी म्हटलं क्रीमनं. ते म्हणाले क्रीमनं एवढं होत नाही, विचारा. फोन लावला तर तिकडून आरामात उत्तर, "जिलेटिन टाकतो की साहेब, नेहमीचंच आहे, अंडं नाही त्यात." जिलेटिन म्हणजे जनावराची कातडी आणि हाडं उकळून काढलेला चिकट पदार्थ, गायीचं, डुकराचं, कधी माशाचं. त्या माणसाच्या डोक्यात एगलेस म्हणजे शाकाहारी, विषय संपला. चारशे ग्लास मागच्या दारानं बाहेर काढले आणि शाहूपुरीतल्या एका डेअरीतून श्रीखंड मागवून वेळ मारून नेली, पैसे माझे गेले ते गेलेच, पण त्या आजोबांसमोर मान वर करायला मला दोन महिने लागले. तेव्हापासून घट्ट करायचं काहीही असलं की आम्ही स्वतः चायना ग्रास वापरतो, ते समुद्रातल्या शेवाळापासून होतं. फरक हातालाच कळतो, चायना ग्रासचं कापलं तर टणक आणि कडक तुटतं, जिलेटिनचं रबरासारखं हलतं आणि तोंडात गेल्यावर विरघळतं. मार्शमेलो, मऊ चिवट गोळ्या, मूस, न भाजता केलेला चीजकेक, हे सुटं घेताना दोनदा विचारा.

एगलेसवरून आठवलं, बेकरीत अजून एक गंमत असते. पॅटिसच्या आतली भाजी शाकाहारी, पण वरचा तो सोनेरी तकतकीतपणा कधीकधी अंड्याच्या हातानं आलेला असतो. दूध लावूनही येतो, पण तेवढा नाही. विचारायला लाजू नका.

पाकिटाचं तुलनेनं सोपं आहे. आपल्या देशात चौकोनातला हिरवा ठिपका २००१ च्या सुमारास सक्तीचा झाला, आणि नॉनव्हेजला आधी तपकिरी ठिपका होता तो आता त्रिकोण केलाय, म्हणजे ज्यांना रंग नीट ओळखू येत नाहीत त्यांनाही आकारावरून कळावं. आपल्या नियमात अंडं सरळ नॉनव्हेजमध्ये धरतात. २०२१ च्या डिसेंबरमध्ये दिल्ली हायकोर्टानं तर सांगितलं की घटक कितीही थोडा असू दे, टक्केवारी बघायची नाही, तो कशापासून आलाय ते कंपनीनं सांगायलाच पाहिजे. तिथं चर्चा झाली होती ती पाकिटावरच्या घटकांत ६३१ नंबरनं लिहितात त्या पदार्थाची, चिप्स आणि नूडल्सचा मसाला चटकदार करायला वापरतात, तो मांसातून किंवा माशातूनही काढता येतो आणि नुसतं साखर-स्टार्च आंबवूनही करता येतो. नंबर बघून कळत नाही, ठिपका बघायचा. त्यामुळं नंबरांच्या याद्या फिरतात ना, ४७१ आला की डुकराची चरबी म्हणून, ते तेवढं डोक्यात घेऊ नका, ४७१ पामतेलापासूनही होतो.

पण हिरव्या ठिपक्याची एक मेख आहे आणि तुमच्या व्याह्यांसाठी ती महत्त्वाची. नियमात नॉनव्हेजची व्याख्या करताना दूध, दुधाचे पदार्थ, मध, मधमाशीचं मेण आणि लाख एवढं वगळलंय. म्हणजे मध घातलेल्या बिस्किटाला हिरवा ठिपका चालतो, पण कडक जैन माणसाला मध चालत नाही. लाख म्हणजे तीच, बांगड्यांची, महाभारतातल्या लाक्षागृहाची, पळस-कुसुमच्या झाडावर किडे बसतात त्यांच्यापासून मिळते, आणि ती चकचकीत रंगीत चॉकलेटच्या गोळ्यांवर, औषधाच्या टॅब्लेटवर चकाकी आणायला लावतात, पाकिटावर ९०४ असं लिहिलेलं असतं. कायद्यानं शाकाहारी. व्याह्यांच्या घरी काय म्हणतात ते त्यांनाच विचारा.

आणि हा ठिपका दुबई-सिंगापूरहून पाहुण्यांनी बॅगेतून आणलेल्या चॉकलेटवर नसतो. तिकडच्या गुलाबी-लाल गोळ्यांत, स्ट्रॉबेरीच्या दह्यात वगैरे कोचिनिअल नावाचा रंग असू शकतो, १२० नंबरचा, तो निवडुंगावरच्या किड्यांना वाळवून-कुटून करतात. स्टारबक्सनं २०१२ मध्ये लोकांनी ओरडा केल्यावर अमेरिकेत तो बंद केला. म्हणून साखरपुड्याच्या रुखवतात भाच्यानं आणलेली फॉरेनची चॉकलेटं मांडू नका, एवढं साधं.

आता तुमच्या नणंदेची यादी. साखर आधी घेतो कारण कोल्हापुरात बसून साखरेला नॉनव्हेज म्हटलेलं माझ्या जिवाला लागतं. ही गोष्ट आली परदेशातून. तिकडच्या काही रिफायनऱ्यांमध्ये कच्ची साखर पांढरी करायला जनावरांची हाडं जाळून केलेल्या कोळशातून गाळायची पद्धत आहे, ते खरं आहे. पण आपल्याकडचे कारखाने उसाचा रस चुन्याची निवळी आणि गंधकाचा धूर देऊन साफ करतात, गाळ खाली बसतो, वरचा रस आटवतात. तुम्ही दुकानातून एस-३० किंवा एम-३० दाण्याची साखर आणता ती ही अशी. हाडांचा कोळसा त्यात कुठं येत नाही. आणि एवढं करून मन मानत नसेल तर गूळ घ्या ना, आपल्यासारखा गूळ कुठं मिळतो. गुऱ्हाळावर कधी गेला असाल तर बघितलं असेल, काहिलीत रस उकळायला लागला की रानभेंडीच्या झाडाचं चिकट पाणी सोडतात, ती चिकटाई सगळी घाण धरून वर आणते, मग गुळवा ती मळी काढून टाकतो. झाडाचं पाणी आणि उसाचा रस. फिकट पिवळा गूळ मात्र नको, त्यात बऱ्याचदा रंग उजळायला हायड्रोस पावडर मारलेली असते, ती काय मांसाहारी नसते पण चांगलीही नसते, हा माझा वेगळा राग आहे, सोडा.

अजिनोमोटो शाकाहारी आहे. बसला ना धक्का? १९०८ साली इकेदा नावाच्या जपानी प्राध्यापकानं समुद्री शेवाळाच्या सुपातून ती चव शोधून काढली, आणि आता साखर कारखान्यातली मळी, टॅपिओका असलं काहीतरी आंबवून करतात. मी वापरत नाही, पण ते मला चव खोटी वाटते म्हणून. नॉनव्हेज म्हणून नाही.

चीजचं मात्र नणंदबाईंचं अर्धं बरोबर. दूध फाडायला रेनेट लागतं आणि मूळचं रेनेट म्हणजे दूध पिणाऱ्या वासराच्या चौथ्या पोटातलं पाचक. इटलीतलं खरं पार्मिजानो आजही वासराच्या रेनेटनंच करायचं असा त्यांचा नियम आहे, त्यामुळं भारी हॉटेलात पास्त्यावर किसून घालतात ते विचारल्याशिवाय खाऊ नये. पण बुरशी-जंतूंपासून केलेलं रेनेट कधीचं निघालंय, अमूलचं चीज त्याच्यावरच होतं, हिरवा ठिपका बघा आणि घ्या. पनीरला तर रेनेटचा संबंधच नाही, लिंबू नाहीतर व्हिनेगर.

वर्ख. हा खरा. चांदीचा तुकडा पानांच्या चोपडीत ठेवून हातोड्यानं तासन्‌तास ठोकतात, आणि ती पानं पूर्वापार जनावराच्या आतड्याची-कातड्याची. चांदी शाकाहारी, चोपडी नाही. २०१६ मध्ये अन्नसुरक्षेचं सरकारी खातं, एफएसएसएआय, त्यांनी नियम केला की वर्ख करताना कुठल्याच टप्प्यावर प्राण्यापासूनचं काही वापरायचं नाही, आणि मशीनवरचा कागदातला वर्ख आता मिळतो, पण सुट्या पेढ्यावरचा कुठला हे मला तरी बघून सांगता येत नाही. मी जैन लग्नात वर्खच लावत नाही. पिस्त्याचे काप टाका, त्याहून देखणे दिसतात.

कॅप्सूलची टोपणं बहुतेक जिलेटिनचीच, कॉड लिव्हर तर सरळ माशाचं तेल, आणि हाडांसाठी डॉक्टर देतात ते व्हिटॅमिन डी-३ बहुतेक वेळा मेंढीच्या लोकरीतल्या तेलकट मेणापासून. पण औषध डॉक्टरांना विचारल्याशिवाय कुणी बंद करू नये, त्यांना सांगितलं तर बऱ्याचदा दुसरं काहीतरी सुचवतात. आणि साखरपुड्यात तुम्ही काय कॅप्सूल वाढणार नाही.

चॉकलेटबद्दल वर आलंच. वनस्पती तुपाबद्दल जुने लोक अजून घाबरतात त्याला कारण आहे, १९८३ साली आयात केलेली जनावरांची चरबी डालड्यात मिसळल्याचं प्रकरण देशभर गाजलं होतं. माझ्या आईनं तेव्हा डबा उकिरड्यावर ओतला तो परत घरात आणला नाही.

आता दुसरी बाजू, शाकाहारी लोक खातात काय याबद्दलचे समज. पहिला म्हणजे कोल्हापूर म्हणजे नुसतं मटण. अहो, या जिल्ह्यात जैन आणि लिंगायत घरं किती, माळकरी किती, आणि कुंभोज-बाहुबलीसारखी ठिकाणं इथंच आहेत ना? गंगावेशेत म्हशीचं धारोष्ण दूध प्यायला रांग लागते ती कुठली? झुणका, खर्डा, मिसळ, आंबोळी, जोतिबाला पुरणपोळीचा नैवेद्य. आणि ते व्हेज कोल्हापुरी नावाचं लालभडक प्रकरण हॉटेलातलं, आमच्या कुणाच्या घरात शिजत नाही.

दुसरा, शाकाहारी म्हणजे पनीर. हा मला सगळ्यात जास्त छळतो. ऑर्डर घ्यायला बसलं की पार्टी म्हणते व्हेज आहे ना, मग दोन पनीरच्या भाज्या ठेवा, स्टार्टरला पनीर टिक्का. मटण खाणाऱ्याला वाटतं की फोडीच्या जागी काहीतरी चौकोनी पाहिजेच. पिढ्यान्‌पिढ्या शाकाहारी असलेल्या घरात पनीर कालपरवा आलंय हो. त्यांना भरलं वांगं द्या, मटकीची उसळ द्या, शेंगदाण्याची आमटी द्या, आणि भाकरी द्या, डाळ-भाकरी एकत्र पोटात गेली की एकात जे कमी ते दुसरं भरून काढतं, प्रोटीन कुठून मिळतं हे विचारायची वेळच येत नाही. बी-१२ चं तेवढं खरं, ते झाडपाल्यात नसतं, दूध-दह्यातून थोडंफार मिळतं, त्यामुळं शाकाहारी माणसानं अधूनमधून तपासून घ्यावं.

तिसरा, शाकाहारी, जैन, माळकरी आणि उपवासवाला हे चारी एकच. साफ चूक. बऱ्याच माळकऱ्यांना कांदा-बटाटा चालतो, फक्त एकादशीला साबुदाणा. आणि आपला मंगळवार-शनिवार-श्रावण पाळणारा माणूस हा वेगळाच, त्याला वर्ख-रेनेटचं काही देणंघेणं नसतं, त्याला फक्त वार आठवायला लागतो. जैनांत सुद्धा घराघरात फरक आहे, आपल्याकडचे शेतकरी जैन बरेच जण कांदा-बटाटा खातात, काही घरांत जमिनीखालचं काहीच नाही, काही घरांत चातुर्मासात पालेभाजी बंद, आणि बऱ्याच ठिकाणी सूर्यास्तानंतर जेवण नाही. (आणि कुणाच्या पायात कोल्हापुरी चप्पल दिसली म्हणून "हे कसं चालतं मग" असला विनोद करू नका, माझ्या एका पुतण्यानं केला होता.) सरळ विहीणबाईंना फोन करून विचारा, कांदा-लसूण-बटाटा चालतो का, मध चालतो का, आणि जेवण किती वाजता. विचारल्याचा राग कुणाला येत नाही, उलट मान वाटतो.

तुमच्यासाठी मी असं सुचवीन. जेवण दुपारी ठेवा. घरातली मटणाची पातेली-पळ्या बाजूला, भांडी भाड्यानं आणणार असाल तर शाकाहारीवाल्याकडूनच आणा, तेलाचा डबा नवा फोडा, लाकडी पोळपाटही त्या शाकाहारीवाल्याकडचाच स्वच्छ असेल तो घ्या कारण लाकूड वास धरतं. कांदा-लसणाची चटणी त्या दिवशी कपाटात, तिच्याऐवजी बेडगी मिरची, धने, तीळ, सुकं खोबरं, दगडफूल भाजून कुटा. दगडफूल बघून कुणीतरी विचारतंच हे काय, तर सांगा दगडावर-झाडावर वाढतं, किडा-बिडा नाही. पुरणपोळी करा, कटाची आमटी आपोआप होते.

आणि तुमच्या मालकांचा हट्ट की पांढरा रस्सा पाहिजेच, तर तोही होतो. पुरणाची हरभरा डाळ शिजवलेलं पाणी गाळून घ्या, हे झालं तुमचं आळणी. काजू, खसखस आणि पांढरे तीळ भिजवून गंधासारखं बारीक वाटा, आल्याऐवजी चिमूटभर सुंठ, कारण ओलं आलं न खाणाऱ्या बऱ्याच घरांत वाळलेली सुंठ चालते. साजूक तुपात दालचिनी, लवंग, मिरी, वेलदोडा फोडून त्यात वाटण परता, डाळीचं पाणी घाला, एक उकळी आली की आच मंद करून शेवटी नारळाचं जाड दूध, आणि त्यानंतर उकळू द्यायचं नाही, फुटतं. रंग जरा पिवळसर येईल. येऊ दे.